साठ टक्के सवलत आणि न फोडलेले अंक



आमच्या भागात सध्या एका इंग्रजी न्यूज मॅगझीनची पत्रकं घरोघर आली आहेत. तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली तर साठ टक्के सवलत, आणि वर चाकांची बॅग. मंडळातल्या तिघींनी मला वेगवेगळ्या दिवशी एकच विचारलं, "तुम्ही बी.कॉम. आहात, सांगा बघू, घ्यावं का?" चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या बी.कॉम.चा उपयोग आजवर दुधाच्या हिशेबाला आणि मंडळाच्या जमाखर्चालाच झालाय, पण या प्रश्नाला तो खरंच होतो. म्हणून सगळ्यांसाठी मिळून लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. तीन वर्षांची घेऊ नका. एका वर्षाची, नीट पारखून, आणि स्वतःच्या नावावर घ्या. "मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, कशाला पैसे घालवायचे" हे मला पटत नाही, आणि "एवढी सवलत परत मिळणार नाही" हे तर मुळीच नाही.

पत्रकावरचे आकडे असे आहेत. एका अंकाची छापील किंमत ८० रुपये. वर्षाचे ५२ अंक, म्हणजे ४,१६० रुपये होतात, ते २,४९९ ला. दोन वर्षांचे ४,६९९. तीन वर्षांचे १५६ अंक छापील किमतीने १२,४८० चे होतात, ते ४,९९९ ला. खाली लाल अक्षरात "७,४८१ रुपये वाचवा".

आता हे ७,४८१ कुठून वाचले? आपण दर आठवड्याला स्टॉलवर जाऊन ८० रुपये टाकून हा अंक घेत होतो का? नव्हतो. जो खर्च होणारच नव्हता तो वाचत नाही. दसऱ्याच्या सेलमध्ये पाच हजाराची साडी दोन हजाराला मिळाली की आपण घरी येऊन "तीन हजार वाचले" म्हणतो, तेव्हा घरातली माणसं हसतात. ती हसतात ते बरोबरच आहे. पण तीच माणसं मॅगझीनच्या पत्रकावर मात्र लगेच सही करतात.

छापील किंमत सोडा. वाचलेल्या अंकाला किती पडले ते बघा. वर्षाची वर्गणी २,४९९ आणि तुम्ही ५२ पैकी २० अंक वाचले, तर एक अंक १२५ रुपयांना पडला, म्हणजे छापील किमतीपेक्षा महाग. स्टॉलवरून तेच वीस अंक १,६०० ला आले असते. यातून एक सोपा आडाखा निघतो. सवलत जितके टक्के, तितके टक्के अंक न वाचता पडून राहिले की सवलत संपली. चाळीस टक्के सवलत असेल तर शंभरातले साठ अंक वाचायलाच हवेत. या वर्गणीत ते ३२ होतात. त्याहून कमी वाचणार असाल तर सवलतीच्या वाटेला जाऊ नका, हवा तो अंक हवा तेव्हा विकत आणा.

यावर एकीनं मला बरोबर पकडलं. म्हणाली, "मग साठ टक्क्यांची तीन वर्षांची चांगली की! शंभरात चाळीसच वाचायचे." गणित तिचं बरोबर आहे. १५६ पैकी ६३ अंक वाचले की पैसे वसूल. पण वाचण्याची हौस तिन्ही वर्षं सारखी राहते का? पहिल्या वर्षी चाळीस वाचाल. दुसऱ्या वर्षी घरात लग्न निघेल, किंवा बाळंतपणासाठी लेकीकडे राहावं लागेल, पंधरा होतील. तिसऱ्या वर्षी पाच. झाले साठ. साठ टक्के सवलत घेऊनही स्टॉलपेक्षा महागच पडलं.

पत्रकात एक गंमत तुमच्या लक्षात आली का? दोन वर्षांचे ४,६९९ आणि तीन वर्षांचे ४,९९९. दोन वर्षांची कोण घेईल? कुणीच नाही. ती विकायला ठेवलेलीच नाही. शेजारची तीन वर्षांची स्वस्त दिसावी म्हणून ती तिथे आहे. डॅन एरिअली नावाच्या प्राध्यापकांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात याचं उदाहरण दिलंय, आणि तेही एका मॅगझीनचंच, 'द इकॉनॉमिस्ट'चं. नुसतं इंटरनेटवर वाचायचं तर ५९ डॉलर, नुसता छापील अंक १२५ डॉलर, आणि दोन्ही मिळून तेही १२५ डॉलर. त्यांनी शंभर विद्यार्थ्यांना विचारलं. सोळा जणांनी स्वस्तातली घेतली, ८४ जणांनी दोन्ही मिळून घेतली, मधली एकानंही नाही. मग ती मधली, कुणालाच नको असलेली ओळ काढून टाकली आणि पुन्हा विचारलं. आता ६८ जण स्वस्तातली म्हणाले आणि ३२ जणच महागातली. कुणालाच नको असलेल्या एका ओळीनं एवढा फरक पडला. आपल्या पत्रकातली दोन वर्षांची ओळ पेन्सिलीनं खोडा आणि मग बघा. प्रश्न एवढाच उरतो की २,५०० रुपये आणखी देऊन पुढच्या दोन वर्षांसाठी आत्ताच बांधून घ्यायचं का.

ते इतकी सवलत देतात कशी, हाही प्रश्न आला. तोट्यात जाऊन देतात असं समजू नका. मॅगझीनचा बराचसा संसार जाहिरातींवर चालतो. खप जितका जास्त तितका जाहिरातीचा दर जास्त, आणि खप तपासून प्रमाणपत्र देणारी ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था आपल्याकडे १९४८ पासून आहे. म्हणजे तुम्ही वाचता की नाही यापेक्षा तुमच्या घरी अंक जातो याला तिथे किंमत आहे. शिवाय तीन वर्षांचे पैसे आज हातात येतात. ज्या भगिनी कॉमर्सच्या आहेत त्यांना संस्थांच्या हिशेबाचं ते ठरलेलं गणित आठवत असेल, 'आगाऊ मिळालेली वर्गणी' ताळेबंदात देणी बाजूला दाखवा. त्यांच्या वहीत आपण देणेकरी नसतो, येणेकरी असतो. आपण त्यांना बिनव्याजी उसने दिलेले पैसे ते अंकांच्या रूपानं हप्त्याहप्त्यानं फेडणार. तारण काही नाही.

आणि फेडणारा टिकला पाहिजे. 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' १८८० पासून चालू होतं, घराघरांत जपून ठेवलेलं असायचं, ते १९९३ ला बंद झालं. अमेरिकेतल्या 'न्यूजवीक'ने २०१२ च्या अखेरीला छापील अंक थांबवला होता, पुढे पुन्हा सुरू केला. एवढ्या मोठ्यांचं हे, तर आजच्या दिवसांत कुठलंही साप्ताहिक तीन वर्षांनी साप्ताहिकच असेल, पाक्षिक होणार नाही, नुसतं मोबाईलवर जाणार नाही, याची खात्री कुणी द्यावी? पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "अंकांची संख्या बदलण्याचा अधिकार राखून" असं काही आहे का ते चष्मा लावून वाचा. जोडअंक दोन म्हणून मोजतात का, तेही विचारा. बॅगेबद्दल मी काही बोलत नाही. प्रत्येकीच्या माळ्यावर अशा दोन तरी आहेत.

आता आपल्या घरांमधली एक अडचण, जी दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. आपल्याकडे धार्मिक मासिकं-पत्रिका येतात, त्यांत जिनप्रतिमेचे, मुनिश्रींचे फोटो असतात. ती रद्दीत घालवत नाहीत, अविनय होतो. मग ती कपाटात साठत जातात आणि कपाट भरलं की दुसरं कपाट. न्यूज मॅगझीनचा एवढा तरी गुण आहे की ते महिनाअखेरीला रद्दीवाल्याला देता येतं, जरी गुळगुळीत कागदाला तो वर्तमानपत्रापेक्षा कमीच देत असला तरी. देत जा. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत आमच्या ओळखीच्या घरांमधून भिजलेल्या मासिकांचे असे गठ्ठे निघाले की उचलायला दोन माणसं लागली, आणि त्यातले कितीतरी अंक प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही काढलेले नव्हते. परिग्रह म्हणजे सोनंनाणंच असं नाही. न फोडलेलं पाकीटसुद्धा परिग्रहच आहे.

याहून मोठी शंका एका वयस्कर काकींनी काढली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. त्या म्हणाल्या, "अगं, विकथा चार. स्त्रीकथा, भोजनकथा, राष्ट्रकथा, राजकथा. तू आम्हाला राजकथा पैसे देऊन घरी आणायला सांगतेस?" मी काही पंडित नाही, शास्त्राचा अर्थ लावणं माझं काम नाही. पण श्रावकाच्या घरात रोज संध्याकाळी टीव्हीवर आठ चौकोनांत आठ माणसं एकमेकांवर ओरडत असतात, मोबाईलवर कुणाच्या तरी बदनामीचे निरोप पुढे ढकलले जातात, त्याला विकथा म्हणायचं सोडून आपण छापील अंकाकडे बोट का दाखवतो? ज्या बोलण्यातून राग, भय आणि करमणूक यांशिवाय हाताला काही लागत नाही, ते टाळावंच. आपल्या जमिनीचं, आपल्या ठेवींचं, आपल्या मताचं काय चाललंय हे गृहस्थानं जाणून घेणं मला त्यातलं वाटत नाही. साप्ताहिकाचा एक फायदा असा की घटना घडून चार-सहा दिवस गेलेले असतात. पहिल्या दिवशीच्या अफवा गळून पडलेल्या असतात. ओरडा कमी असतो. काकींना हे पूर्ण पटलं नाही, पण "चातुर्मासात बंद ठेव म्हणजे झालं" एवढ्यावर त्या आल्या. मला तेही चालेल. चार महिने स्वाध्यायाला द्यायचे असतील तर ते आधीच हिशेबात धरा, म्हणजे ५२ मधले सतरा-अठरा अंक तिथेच गेले. उरलेल्या चौतीस-पस्तीसमधले ३२ वाचायला जमणार आहेत का, ते प्रत्येकीनं आपलं आपण ठरवावं.

मग मी घ्या असं का म्हणते?

कारण आपल्या वयाच्या बायकांना बातम्या मिळतात त्या दोनच वाटांनी. एक मोबाईलवरचे निरोप, दुसरी घरातल्या पुरुषांचं बोलणं. दोन्हीत निवड दुसऱ्यानं केलेली असते. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचंच घ्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी शेतकऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केला, मोर्चे निघाले, घराघरांत त्यावर वाद झाले. हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, महाराष्ट्रात तर तो १९९४ च्या दुरुस्तीपासून आला. म्हणजे आज कितीतरी सातबाऱ्यांवर आपल्यापैकी कुणाची ना कुणाची नावं आहेत. पण रस्ता कुठून जाणार, मोबदला कसा ठरतो, हरकत कुठे आणि किती दिवसांत द्यायची, हे विचारलं तर उत्तर येतं, "ते आमच्या ह्यांना माहीत." कागद पुढे आला की सही मात्र आपली. सही करायला ना नाही. वाचून करावी एवढंच म्हणणं आहे.

ठेवींचंही तसंच. २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजावर बँकेनं कर कापून घेण्याची मर्यादा ५० हजारांवरून एक लाख झाली, १ एप्रिल २०२५ पासून. मोबाईलवर हे "व्याजावरचा कर माफ" असं होऊन फिरत होतं. कर माफ झालेला नाही, बँक जागेवर कापते ती मर्यादा वाढली. उत्पन्न करपात्र असेल तर कर भरावाच लागतो. हा फरक दोन ओळींचा आहे, पण तो शांतपणे समजावून सांगणारं पान कुठेतरी छापलेलं असावं लागतं, आणि ते छापणाऱ्याला कुणीतरी पैसे द्यावे लागतात.

वेळ नाही म्हणाल, तर तेही मी मान्य करत नाही. इतर घरांमध्ये बायका रात्री नऊपर्यंत ओट्यापाशी असतात. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात, साडेसातला ओटा कोरडा. तो दीड-दोन तासांचा वेळ फारच थोड्या बायकांना मिळतो. सध्या तो मालिकांना जातो. मालिकेतल्या सासवासुनांची भांडणं मात्र काकींच्या यादीत कुठे बसवायची ते मी त्यांना विचारलं नाही.

आमच्या भागात तर हे काही नवीन नाही. 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झालं ते इथल्याच किर्लोस्करवाडीहून. त्या काळी वर्गणी भरणाऱ्या बायकांच्या घरात पैशाची चणचण आपल्यापेक्षा जास्तच होती.

तेव्हा घ्या, पण कुठलं ते पारखा. पत्रक ज्याचं आलं तेच घ्यायचं असा काही नियम नाही. गावातल्या वाचनालयात जा. कोल्हापूरकरांना करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं, आणि लहान गावांतही सार्वजनिक वाचनालय असतंच. तिथे बसून गेल्या चार आठवड्यांचे अंक चाळा. प्रत्येक अंकात तुम्ही शेवटपर्यंत वाचाल असे लेख किती, ते कागदावर मांडा. कॉलेजांच्या क्रमवारीचे अंक, शहरातल्या हॉटेलांचे अंक, आणि लेखासारखी दिसणारी पण कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलेली पानं, ही सगळी वजा करा. दिल्लीच्या मॅगझीनमध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव वर्षातून किती वेळा येतं, तेही बघा. इंग्रजी वाचायला सोपं जात नसेल तर भिडेखातर इंग्रजी घेऊ नका, टेबलावर शोभतं म्हणून तर नकोच. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक आजही निघतं, मराठीत आहे. त्यातली सगळी मतं मला पटतात असं नाही, पण न पटणारी मतं नीट मांडलेली वाचायला मिळणं हाही पैसे देण्यालायक भाग आहे. अशा कमी जाहिरातींच्या नियतकालिकांना वर्गणीत सवलत मागायला मी जात नाही. तिथे वर्गणी हाच त्यांचा प्रपंच असतो.

छापील की मोबाईलवर? आपल्या वयाला छापील. मोबाईलवर लेख उघडला की वरून नातीचा फोटो येतो, मग वन्संचा निरोप, मग लेख कुठे होता ते सापडत नाही. शिवाय मोबाईलवरची वर्गणी संपली की बहुधा जुने अंकही कुलपात जातात, छापील अंक निदान शेजारणीला देता येतो. छापील नियतकालिकावर जीएसटी नाही, हेही लक्षात असू द्या. मुलानं मोबाईलवरची घेऊन दिलीच, तर पैसे दरवर्षी आपोआप कापण्याला होकार दिलाय का ते विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम कापण्याआधी किमान २४ तास बँकेकडून सूचना यायला हवी, पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला प्रत्येक वेळी ओटीपी लागत नाही. सूचना येते, आपण ती पंचवीस निरोपांत वाचत नाही, आणि पैसे जातात.

नावाचं मुद्दाम सांगते. वर्गणीच्या फॉर्मवर स्वतःचं नाव घाला. वेष्टनावर "सौ." आणि पुढे ह्यांचं पूर्ण नाव, असं नको. आपलं नाव. हे ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण ज्याच्या नावानं अंक येतो तो आधी फोडतो आणि वाचतो, बाकीच्यांना तो दुपारी चारनंतर, चहाचे डाग पडल्यावर मिळतो. आपल्या नावावर आला की वाचला का नाही याचा जाबही आपल्यालाच. मी वाचलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीनं बरोबरची खूण करते. वर्षाअखेरीला खुणा मोजायच्या. बत्तीसच्या वर असल्या तर पुढचं वर्ष, खाली असल्या तर राम राम.

आणि पुढचं वर्ष घ्यायचं असलं तरी घाई नको. वर्गणी संपायच्या तीन महिने आधीपासून "शेवटची संधी" म्हणून पत्रं येऊ लागतील. थांबा. मुदत संपून एक-दोन महिने गेले की फोन येतो, आणि सोडून गेलेल्या वर्गणीदाराला परत आणण्यासाठी दिलेला दर पहिल्या पत्रकापेक्षा बहुतेक वेळा कमी असतो. तेव्हाही एकाच वर्षाची मागा.